सुगरणीचा खोपा आणि एम. ए. चा प्रकल्प

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेले भाषण)



पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधन कसे शिकवावे, या विषयावर मी बोलावे असे ठरले. मी शाळेतला मास्तर, बी. ए. बी. एड. हा विषय एखाद्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा, असे तुम्ही म्हणाल आणि ते खरेही आहे. पण आपल्या सांडोरची मुले-मुली एम. ए., एम. कॉम. ला जातात आणि तेथे अडली की जुन्या शाळेच्याच पायऱ्या चढतात. गेली दोन-तीन वर्षे त्यांचे अडणे एकाच जागी आहे. त्याला कारणही तसेच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी मांडणी आली. पहिल्याच सत्रात 'संशोधन पद्धती' हा ४ श्रेयांकांचा विषय. पुढे तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. म्हणजे दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी १४ संशोधनाचे झाले. पूर्वी जे पीएच. डी. करणाऱ्याच्या वाट्याला येई, ते आता एम. ए. ला बसलेल्या प्रत्येक मुलाच्या दारात आले आहे. ज्या घरात पदवीपर्यंत पोचणारे हेच पहिले मूल, त्या घराला हा शब्दच नवा.

एक पालक माझ्याकडे आले व त्यांनी सरळ विचारले, "सर, हा प्रोजेक्ट कितीपर्यंत पडेल?" त्यांना मी दोष देत नाही. पुस्तके, फी, पास, परीक्षेचा अर्ज, सगळ्याला पैसे पडतात. मग प्रकल्पालाही पडत असतील, हा त्यांचा हिशेब. आणि टायपिंगच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, ही गोष्ट तर उघडच आहे. नाव बदला, गावाचे नाव बदला, बाइंडिंग करा. पण २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविषयी नियम केले आहेत. प्रबंधातील मजकुराचे दुसऱ्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. हे नियम पदव्युत्तर प्रबंधिकेलाही लागू आहेत. तेव्हा पालकहो, दुकानात दिलेल्या पैशांनी मुलाची दोन वर्षे विकत जाऊ शकतात, एवढे ध्यानात असू द्या.

आता शिकवण्याकडे वळू. वर्गात हा विषय बहुधा व्याख्यांनी शिकवला जातो. गृहीतक म्हणजे काय, नमुना निवड म्हणजे काय, प्राथमिक व दुय्यम सामग्रीतील फरक सांगा. मुले पाठ करतात, लिहितात, पास होतात. नंतर स्वतःचा विषय निवडायची वेळ आली की हात रिकामे! काठावर उभे राहून पोहणे शिकल्यासारखेच हे. याहून चांगली रीत आपल्याच कोकणच्या किनाऱ्यावर आणि आपल्याच समाजातल्या एका माणसाने घालून दिलेली आहे. ती थोडी सविस्तर सांगतो.

डॉ. सालिम अली यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जन्म १८९६, मुंबईचा. लहानपणीच पोरके झाले, मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी खेतवाडीत वाढले. एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असली चिमणी खाणे मुसलमानाला चालते की नाही, ही शंका घेऊन पोरगा मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कपाटामागून कपाट उघडून दाखवले. मुलाची शंका मोठ्यांनी झटकून टाकली असती तर पुढचे काहीच घडले नसते, असे मला वाटते.

या गृहस्थांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यापायी नोकरीही हुकली. मुंबईच्या संग्रहालयात काम मिळाले होते. बर्लिनला जाऊन प्रोफेसर स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून ते १९३० च्या सुमारास परतले, तो ती जागाही पैशाअभावी उरली नव्हती. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आडोशाला बसून ते रोज ती पाहू लागले आणि पाहिलेले लिहू लागले.

आता गंमत पाहा. आपल्या भाषेने या पक्ष्याला नावच बायकी दिले, सुगरण. सगळ्यांनी धरून चालावे की खोपा मादी विणते. विणतो तो नर. नर अर्धा खोपा विणतो, माद्या येऊन पाहून जातात, एखादीला पसंत पडला की ती त्यात राहते आणि मग तो पुरा होतो. तिने अंडी घातली की हा पठ्ठ्या जवळच दुसरा खोपा विणायला लागतो, दुसरी मादी येते. एका नराचे असे अनेक संसार, एकामागून एक. झाडावर जे अर्धवट खोपे लोंबतात, ते नराला बसायला असतात, असे लोक समजत. ते कुणालाच पसंत न पडलेले खोपे होते! हे कळायला यंत्र लागले नाही. कोणता पक्षी कोणत्या खोप्यात कोणत्या दिवशी गेला, एवढी नोंद लागली. आणि भाषेने, लोकांनी, पुस्तकांनी जे आधी सांगितले ते तपासून घेण्याची सवय लागली.

पुढे हाच पदवी नसलेला माणूस मुंबई विद्यापीठाच्या एम. एस्सी. व पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक झाला. त्यांचे पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर. त्यांनी विषय कोणता घेतला? सुगरणच! गुरूने ज्या पक्ष्यावर नाव मिळवले तोच. त्यांच्या प्रबंधाची ऑक्सफर्डच्या डेव्हिड लॅक यांनी वाखाणणी केली. "सर, नवा विषय सुचवा" म्हणून जी मुले माझ्यामागे लागतात, त्यांना मी हे ऐकवतो. विषय जुना असो, प्रश्न नवा हवा.

नवनिर्मितीचे म्हणाल तर तिथेही आधी जुने वाचावे लागते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या उपायाचे पेटंट मिळाले. आपल्या आजीला हे ऐकून हसूच आले असते. पण आजीचे हसू हा पुरावा नव्हे. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, माटुंग्याच्या यू. डी. सी. टी. त शिकलेले. परिषदेने ३२ लेखी दाखले गोळा केले. त्यांत संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दूतलेही होते. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. घरात एखादे जुने युनानी किंवा उर्दू पुस्तक ट्रंकेत पडले असेल तर ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तुमच्या एम. ए. करणाऱ्या मुलीला दाखवा. उर्दू वाचता येणे ही तिची जमेची बाजू आहे, आणि ते तिला वर्गात बहुधा कोणी सांगणार नाही.

मुलींवरून आणखी एक. "प्रकल्पासाठी दारोदार फिरायचे, मुलीला कसे पाठवू?" असे आया विचारतात. काळजी रास्त आहे. पण दुसरी बाजूही पाहा. वस्तीत पाण्याची पाहणी करायची आहे असे समजा. विद्यार्थी सकाळी अकराला गेला, दारात पुरुष भेटला तर तो सांगेल, "पाणी येते." ते किती वाजता येते, किती हंडे भरतात, टँकर कधी मागवावा लागतो, हे ठाऊक असते ते घरातल्या बाईला. तिच्यापर्यंत त्या मुलाला पोचताच येत नाही, तुमची मुलगी थेट स्वयंपाकघरात बसून विचारील. दोघी मिळून जाऊ देत, पहिल्या दिवशी आई बरोबर जाऊ दे. मात्र ओळखीच्याच दहा घरांत जाऊन परत यायचे नाही. यादी करून दर पाचवे घर घ्यायचे आणि त्या घराला कुलूप असेल तर "कुलूप" असे लिहायचे. नमुना निवड म्हणतात ती हीच.

सांडोरला बसून काय संशोधन करणार, असे म्हणणाऱ्यांसाठी एक प्रश्न देऊन ठेवतो. आपल्या वसईच्या वाड्यांतून बावखले असत, पुष्कळशी बुजली. बावखलांमुळे विहिरींचे पाणी गोडे राहते, असे जुनी माणसे सांगतात. खरे का? तीन विहिरी बावखलाजवळच्या घ्या, तीन बुजलेल्या बावखलाजवळच्या. दर शुक्रवारी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा. पाण्याचा खारटपणा जिभेने ठरवू नका, टी. डी. एस. मीटर फार महाग नसतो, दोघा-तिघांत मिळून घ्या. विहिरीवर पंप आहे का, खाडी किती लांब आहे, त्या वेळी भरती होती की ओहोटी, तेही लिहा, नाहीतर दोष बावखलाला जायचा आणि कारण खाडीचे निघायचे. पहिल्या पावसाच्या आधी सुरू करा, दिवाळीपर्यंत चालवा. एखादा शुक्रवार चुकला तर त्या दिवसाची जागा वहीत कोरी ठेवा, अंदाजाने आकडा भरू नका. मालकाची परवानगी आधी घ्या. कोणाला टेप हवा असेल तर तो शाळेत माझ्यापाशी आहे.