थर्मामीटर सांगेल तेच लिहा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या वाशीम जिल्ह्यात हिवाळ्यात हुडहुडी भरते, पण माठातले पाणी काही गोठत नाही. कुल्फीवाला मात्र भर उन्हाळ्यात दूध गोठवतो. त्याचे गुपित बर्फात टाकलेल्या खड्याच्या मिठात आहे. साधे पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, मिठाचे पाणी त्याहून खाली. म्हणून मीठ पडताच बर्फ वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालून ओढून घेतो. असे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते.

हीच गोष्ट प्रयोगशाळेत मोजता येते. १०० ग्रॅम पाण्यात ६ ग्रॅम शुद्ध युरिया विरघळवा. द्रावणाची परीक्षानळी बर्फ-मिठात ठेवून ढवळत राहा आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. पारा आधी जरा जास्तच खाली जातो. स्फटिक दिसू लागताच वर चढून जवळजवळ स्थिरावतो. ते तापमान, म्हणजे उणे १.८ अंशांच्या आसपास, हा गोठणबिंदू होय. त्याआधीचा सर्वांत खालचा आकडा नव्हे.

आता युरियाऐवजी ५.८५ ग्रॅम मीठ घ्या. हिशेबाने कण तितकेच, म्हणून घटही तितकीच हवी. पण पारा उणे ३.४ अंशांजवळ थांबतो! येथे विद्यार्थी घाबरतो, खोडतो आणि शेजाऱ्याच्या वहीतला आकडा उतरवून घेतो.

मित्रहो, असेच न जुळणारे आकडे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनाही मिळाले. त्यांनी ते खोडले नाहीत. १८८७ साली स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी उलगडा केला, की पाण्यात मिठाचे दोन विद्युतभारित कण होतात, म्हणून घट जवळजवळ दुप्पट. त्यांचा १८८४ चा प्रबंध विद्यापीठाने जेमतेम स्वीकारला होता. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलगा वा मुलगी प्रयोग करून घरी आली, की “मार्क किती?” असे विचारण्याआधी “काय पाहिलेस?” असे विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, आकडा चुकला असे वाटले तर प्रयोग पुन्हा करा. पण न पाहिलेला आकडा वहीत लिहू नका. वहीतला हा खरेपणाच पुढे दुकानाच्या, शेताच्या आणि संस्थेच्या हिशेबात उतरतो.