चेहऱ्याच्या छटा

चाकणच्या मोटार-कारखान्यांत एक कडक दंडक असतो: पोलादी दार व प्लॅस्टिकचा बंपर यांच्या रंगांत तिळभरही फरक दिसतां कामा नये. म्हणून तेथें छटा यंत्रानें मोजतात. त्याच कारखान्यांतला एखादा तरुण रात्रीं पिंपरी-चिंचवडच्या घरीं संगणकावर आईचें चित्र काढूं लागला, कीं त्याला नेमका उलटा धडा गिरवावा लागतो. चेहऱ्यावर एकच छटा पसरली, कीं माणसाचा पत्रा होतो.

तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकीं २५६ पायऱ्या धरल्या, तर पडद्यावर १ कोटी ६७ लाखांहून अधिक मिश्रणें उमटूं शकतात. एवढें भांडार हातीं असून नवशिका मात्र 'कातडीचा रंग' म्हणून एकच रंग उचलतो. सावलीस काळा, उजेडास पांढरा मिसळून मोकळा होतो. मग मुद्रा राख फांसल्यासारखी दिसते.

त्वचेचा वर्ण मुख्यतः तिच्यांतील मेलॅनिन आणि खालून वाहणारें रक्त यांनीं ठरतो. गाल, नाक व कान येथें तांबूस झांक अधिक. कपाळ त्यामानानें पिवळसर. सांवळ्या कपाळावर आकाशाची निळाई चकाकते, हनुवटीखालीं हिरव्या लुगड्याचा रंग परततो. हें सारें पुसून आईला गोरी करण्याची आपल्याकडील खोड चित्राला मारकच होय; चित्र सुबक होतें, पण त्यांत आई उरत नाहीं.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें 'ग्लो ऑफ होप' हें जलरंगचित्र या दृष्टीनें पाहावें. हातीं दिवा घेतलेली ही युवती म्हणजे त्यांची कन्या. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून प्रकाश पाझरतो, तेथें कातडी नुसती उजळत नाहीं, ती तांबूस होते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील हें चित्र कित्येकजण राजा रविवर्म्यांचें समजतात. वास्तविक तें १९४५-४६ च्या सुमाराचें, आणि रविवर्मे १९०६ सालींच निवर्तले होते!

जलरंगांत चुकलेला हात सहसा मागें घेतां येत नाहीं, संगणकावर येतो. या सवलतीचा उपयोग करून चित्रकारानें गालावर तांबूस, कपाळावर पिवळसर असा फेर करावा, आणि मग चित्र क्षणभर करड्या रंगांत पाहावें. तेथें नको ते डाग दिसले, तर छटेबरोबर उजळपणाही ढळला असें समजावें. मात्र पडद्याचा रात्रीचा पिवळा प्रकाश आधीं बंद करावा. त्यांत रंगविलेली आई सकाळीं निळी दिसते.