मेजावरचा लेसर कटर : बिघाड आणि खबरदारी



वसंत ऋतूतल्या संध्याकाळी श्रोत्यांना एका यंत्राच्या दुखण्यांची हकीकत ऐकवायची, हा त्यांच्यावर थोडासा अन्यायच होय. पण हे यंत्र आता कारखान्यापुरते राहिलेले नाही. लग्नपत्रिकांच्या दुकानात, शाळेच्या प्रयोगशाळेत, क्वचित घराच्या माडीवर शिवणयंत्राच्या शेजारीही ते येऊन बसले आहे. २०१८ साली आपल्या राज्यात थर्मोकोलच्या मखरांवर बंदी आली. त्यानंतर गणपतीच्या दिवसांत जी नक्षीदार लाकडी मखरे आपण पाहतो, त्यांतली काही याच यंत्राने कापलेली असतात. तेव्हा ते आपल्या घरचेच झाले म्हणायचे, आणि घरच्याची दुखणी माहीत असलेली बरी.

लेसरचा पहिला किरण १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. परंतु लाकूड आणि अॅक्रिलिक कापणारा जो लेसर आज मेजावर बसतो, त्याचे मूळ आपल्या बरेच जवळ आहे. बारामतीला १९३८ साली जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेस गेलेले डॉ. कुमार पटेल यांनी १९६४ साली बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. साठ वर्षे लोटली तरी तत्त्व तेच आहे. काचेच्या नळीत वायू, नळीच्या टोकांना पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब, बाहेर पडणारा किरण तीन आरशांवरून वळवून एका भिंगापाशी आणायचा आणि भिंगाने तो टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपक्यावर एकवटायचा. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळला नाही असा माणूस या सभेत विरळा. तोच खेळ हा, फक्त सूर्य पेटीत कोंडलेला.

या खेळात एक मोठा फरक आहे. सूर्य दिसतो; हा किरण दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला कळणाऱ्या तांबड्या रंगाच्या कितीतरी पलीकडची. डोळ्यावर पडला तर पापणी मिटण्याची सूचनाही मिळत नाही आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. म्हणून यंत्राला पेटी असते, पेटीला झाकण असते आणि झाकणाखाली एक लहानशी कळ असते. झाकण उघडले की कळ सुटते आणि किरण बंद होतो. चाळीस वॅटचे हे यंत्र बंद पेटीत निरुपद्रवी आणि उघड्या पेटीत लेसरच्या सर्वांत घातक वर्गातले. मध्ये आडवी आहे ती एवढीशी कळ.

आणि आम्ही अशी यंत्रे पाहिली आहेत की त्या कळीवर चिकटपट्टी लावून ती कायमची दाबून ठेवलेली असते. कोणी लावली? खोडकर पोराने नव्हे. काम अडलेल्या, पत्रिका उद्या द्यायच्या असलेल्या, एरवी शहाण्या माणसाने. आजचे आमचे सांगणे मुख्यतः एवढेच आहे : यंत्र नीट चालते तेव्हा माणूस क्वचितच धोक्यात जातो. ते कापेनासे होते तेव्हा जातो. मग तो झाकण उघडून आत डोकावतो, शक्ती वाढवतो, त्याच रेघेवरून तीनदा किरण फिरवतो, आणि तक्ता पेटतो.

शक्ती वाढवणे हा पहिला उपाय नव्हे, तो शेवटचा. कालपर्यंत जे यंत्र तीन मिलिमीटरचा तक्ता कापत होते ते आज कापत नसेल, तर पहिला संशय भिंगावर घ्यावा. धुराचा चिकट थर भिंगावर बसतो, तो उष्णता शोषतो आणि भिंग तडकते. यंत्र बंद करून भिंग काढावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने हलक्या हाताने टिपावे, घासू नये. हे भिंग साध्या काचेचे नाही, झिंक सेलेनाइडचे आहे. फुटलेच तर त्याचा चुरा विषारी, उघड्या हाताने गोळा करू नये. परत बसवताना फुगीर बाजू वर असावी. त्यानंतर आरसे पुसावेत. बहुतेक ‘बिघडलेली’ यंत्रे इथेच दुरुस्त होतात, असा आमचा अनुभव आहे.

तेवढ्याने भागले नाही तर भिंगापासून तक्त्याचे अंतर पाहावे. एक सोपी युक्ती आहे. लाकडाची पट्टी तिरपी ठेवून तिच्यावर एक सरळ रेघ ओढवावी. रेघ जिथे सर्वांत बारीक उमटेल, ती उंची खरी. बाजूच्या एका कोपऱ्यात कापते आणि समोरच्या कोपऱ्यात कापत नाही, असे असेल तर आरशांची दिशा चुकली आहे. आरशासमोर कागदी चिकटपट्टी लावून जवळ आणि दूर क्षणभर किरण सोडावा. दोन्ही डाग एकावर एक पडले पाहिजेत. हे काम मात्र झाकण लावूनच करायचे. डाग बघण्यापुरते उघडायचे. वर्तुळ अंड्यासारखे येत असेल तर किरणाला बोल लावू नये, पट्टा सैल झाला आहे.

पाण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण यंत्राबरोबर येणारी पुस्तिका आपला उन्हाळा लक्षात घेऊन लिहिलेली नसते. नळीभोवती सतत पाणी फिरावे लागते. ते थांबले तर नळी थोड्या वेळात तडकते. पाणी ऊर्ध्वपातित हवे. नळाच्या पाण्याने क्षार साचतात आणि वीजही भलत्या वाटेने जाऊ शकते. एप्रिलात बादलीतले पाणी सहज तिशीपार जाते आणि किरण मंदावतो. मग लोक बर्फाच्या बाटल्या टाकतात. उन्हाळ्यात ते चालते. पण पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, फार गार पाणी केले की नळीच्या काचेला दव सुटते, आणि दव, धूर व उच्च दाबाची वीज यांचे एकत्र येणे बरे नव्हे.

आता आगीकडे वळू. कापताना लहानशी ज्योत दिसणे नवे नाही. तोटीतून येणारी हवेची फुंकर तिला विझवते. फुंकर बंद असेल, किंवा खालच्या जाळीत मागच्या कामाचे तुकडे साचले असतील, तर तीच ज्योत पसरते. अॅक्रिलिकची वाफ स्वतःच जळते आणि झाकणही पुष्कळदा अॅक्रिलिकचेच! चालू यंत्र सोडून चहाला जाऊ नये, फोन घ्यायला गॅलरीतही जाऊ नये. ज्योत टिकली तर प्रथम तातडीचे बटण दाबून वीज तोडावी, मग विझवावी. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. ज्या वायूने किरण दिला तोच आग विझवतो, ही एक गंमतच.

धुराचे भय डोळ्यांना दिसत नाही. पी.व्ही.सी. जाळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते, ते यंत्राच्या लोखंडाला आणि माणसाच्या फुप्फुसाला सारखेच खाते. बाजारात ‘लेदर’ म्हणून मिळणारे रेक्झीन बहुधा तेच असते. शंका असल्यास उघड्या हवेत तांब्याची तार तापवून त्या वस्तूला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर ती वस्तू यंत्रात घालू नये. धूर बाहेर नेणारा नळ खिडकीतून काढतात, तेव्हा ती खिडकी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरासमोर तर येत नाही ना, हेही पाहावे. वाड्यात आणि चाळीत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

स्वस्त मिळणारी निळ्या किरणाची उघडी यंत्रे हा वेगळा विषय आहे; पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पारदर्शक अॅक्रिलिकचे झाकण वायूच्या लेसरला अडवते; निळ्या किरणाला ते खिडकीच्या काचेसारखे आहे. निळा किरण त्यातून आरपार जातो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, जिथे जखम भरून येत नाही तिथे, एकवटतो. तेव्हा चष्मा घेताना त्याच्या रंगावर जाऊ नये; आपल्या यंत्राची तरंगलांबी त्यावर छापलेली आहे की नाही ते वाचावे.

हे सारे पाहूनही किरण मंदच राहिला, तर नळी म्हातारी झाली असे समजावे. ती बदलताना मात्र घरगुती हुशारी नको. बटण बंद केल्यावरही उच्च दाबाच्या तारेत काही काळ वीज दडून राहते, आणि ते काम त्या तारा जाणणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे.