मालक पन्नास लाख, पण विचारलं कुणालाच नाही



मागच्या भागात आपण शेअर, म्हणजे भागभांडवल, समजून घेतलं. त्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "सभासद म्हणजे मालक म्हणता, मग मालकाला न विचारता संस्था विकता येते का?" प्रश्न नेमका आहे. त्याचं उत्तर कॅनडा देशातल्या एका दुकानाच्या गोष्टीत मिळतं, ती आज सांगते.

त्या देशात डोंगर चढणं, बर्फात भटकणं, रानात तंबू ठोकून राहणं याची लोकांना फार हौस. पण 1970 च्या सुमारास डोंगर चढायचं चांगलं सामान तिथं सहज मिळत नसे. दोर, तंबू, बर्फातली कुऱ्हाड आणायला व्हँकुव्हरची मुलं सीमा ओलांडून अमेरिकेतल्या सिएटल शहरात जायची. तिथं आरईआय नावाचं सहकारी दुकान होतं, 1938 मध्ये लॉइड आणि मेरी अँडरसन या नवरा-बायकोनं मित्रमंडळींना घेऊन काढलेलं. ते पाहून व्हँकुव्हरच्या मुलांनी ठरवलं, असं दुकान आपण आपल्याकडेच काढू. 1971 मध्ये सहा सभासद आणि 65 डॉलर एवढ्यावर 'माउंटन इक्विपमेंट को-ऑप' सुरू झालं. एका सभासदाचा शेअर पाच डॉलरचा, तोही जन्मभरासाठी. सभासद असेल त्यालाच माल मिळायचा, आणि मत प्रत्येकाला एकच.

आपले बचतगट असेच उभे राहिले ना? म्हणून मला ही गोष्ट परकी वाटत नाही.

दुकान वाढलं. शहराशहरांत शाखा झाल्या, पुढं बावीस दुकानं आणि पन्नास लाखांवर सभासद. डोंगराच्या सामानाबरोबर सायकली आल्या, योगासनांचे कपडे आले. 2013 मध्ये दुकानाच्या बोधचिन्हातला डोंगरच काढून टाकला, त्यावर जुने सभासद चिडले. 2018 मध्ये आणखी दोन वाद झाले. बंदुकाही बनवणाऱ्या एका कंपनीच्या मालकीच्या ब्रँडचा माल घेणं दुकानानं थांबवलं, तेव्हा काहींनी पाठ थोपटली, काहींनी शिव्या घातल्या. त्याच वर्षी, तुमच्या जाहिरातींत सगळी गोरीच माणसं का, असं लोकांनी विचारलं. त्यावर दुकानाच्या प्रमुखांनी चूक मान्य केली.

या वादांवर लोक भरपूर बोलले. माझ्या मते खरी गडबड दुसरीकडे होती आणि तिच्यावर फार कमी बोललं गेलं. 2012 च्या सुमारास नियम बदलला. संचालकपदाला कोण उभं राहू शकतं, हे आधीचं संचालक मंडळच छाननी करून ठरवू लागलं. कारण दिलं की एवढा मोठा धंदा चालवायला जाणकार माणसं हवीत. ऐकायला बरोबरच वाटतं. आणि हा बदल सभासदांच्याच मतानं झाला! पन्नास लाखांतले मतदान करायचे ते मूठभरच. बाकीच्यांना पाच डॉलरचं कार्ड म्हणजे दुकानात शिरायचा पास वाटायचा.

मोठमोठी दुकानं बांधली, खर्च वाढला. लोक घरबसल्या ऑनलाइन खरेदी करू लागले. तोटा सुरू झाला. 2020 मध्ये कोरोनानं दुकानं बंद पडली आणि कर्ज डोईजड झालं. त्या सप्टेंबरमध्ये सभासदांना बातमीतून कळलं की अमेरिकेतल्या किंग्जवूड कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला संस्था विकायचं मंडळानं ठरवलंय. सर्वसाधारण सभा नाही, मतदान नाही. कर्जात बुडालेल्या कंपन्यांसाठीच्या कायद्याचा आधार घेऊन मंडळ थेट कोर्टात गेलं.

तेव्हा सभासद जागे झाले. एक लाखाहून जास्त सह्या गोळा झाल्या, वकिलासाठी वर्गणी जमली. आम्हाला थोडा वेळ द्या, आम्ही दुसरा मार्ग शोधतो, असं त्यांनी कोर्टाला विनवलं. पण ऑक्टोबरमध्ये कोर्टानं विक्रीला मंजुरी दिली. बावीसपैकी सतरा दुकानं आणि बहुतेक कामगार ठेवू, असं घेणाऱ्यानं कबूल केलं होतं. उशीर केला तर तेही जाईल, ही भीती होती.

मंडळाची अडचण खोटी होती असं मी म्हणणार नाही. कर्ज देणारे दारात उभे असतील तर सुचत नाही, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. पण तोटा काही एका रात्रीत झाला नव्हता. सभासदांना आधीच गाठून, अमुक इतकं कमी पडतंय, तुम्ही काय घालता, असं विचारायला वेळ होता. पन्नास लाखांतल्या निम्म्यांनी वीस-वीस डॉलर घातले असते तर पाच कोटी डॉलर होतात, बोटांवर हिशेब करा.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: तिथं विकता आली. आपल्याकडेही सभासदांचे साखर कारखाने कर्जापायी लिलावात गेलेले तुम्ही पाहिलेत. त्या दुकानाचा धंदा 2025 मध्ये पुन्हा कॅनडातल्या माणसांकडे आला, पण खासगी मालकीचा म्हणूनच.

तुमच्यापैकी ज्यांची दूध संस्था आहे किंवा उत्पादक कंपनी आहे, त्यांनी उपविधीची प्रत सचिवांकडून मागून घ्या. संचालक कोण होऊ शकतं आणि मालमत्ता विकायला किती मतं लागतात, ती दोन कलमं शोधून ठेवा. पुढच्या गुरुवारी तीच आपण सोबत वाचू.