धर्म शिकावा कशासाठी?

सुरतच्या भेस्तान, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांत श्रावणात कानबाई देवी बसते. तिचे रोट भाऊबंदकीत मिळूनच का खातात, असा प्रश्न एखाद्या मुलीला पडला, तर तिथूनच धर्माचा अभ्यास सुरू होतो. हे पूजा शिकवणं नव्हे. श्रद्धेमागचं नातं, इतिहास आणि अर्थव्यवहार तपासणं आहे.

आपल्या मराठी माणसांनी ही वाट फार पूर्वी चोखाळली. विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले आणि दोन वर्षं धर्मांचा तौलनिक अभ्यास करून परतले. त्यांनी 1906 साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केलं. अभ्यासाने त्यांची श्रद्धा आटली नाही, उलट अस्पृश्यतेला धर्माचा आधार मानणाऱ्यांशी झुंजायला बळ मिळालं, असं मला ठामपणे वाटतं. सयाजीराव गायकवाडांनी तर बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी आल्बन विजरी हे प्राध्यापक नेमले.

पदवीच्या वयात या अभ्यासातून जुना ग्रंथ काळजीपूर्वक वाचण्याची, न पटणारं मत आधी नीट मांडून मगच तपासण्याची सवय लागते. पत्रकाराला, परिचारिकेला, शिक्षकाला ती रोज लागते.

असे जुने ग्रंथ पाहायला दूर जायला नको; भेस्तानहून लोकलने नवसारी जवळच आहे. तिथे 1872 साली स्थापन झालेल्या मेहरजी राणा ग्रंथालयात पारशी हस्तलिखितं जपलेली आहेत. विद्यार्थी मित्रांनो, ऐच्छिक विषय निवडताना धर्माभ्यासाचाही विचार जरूर करा.