फोन कोणी कोणाला करायचा?



आज पदवी घेऊन निघालेल्या तुमच्यातले काही जण सरकारी नोकरीत जातील, बाकीचे सरकारला नावं ठेवतील. मला दोघांशीही बोलायचंय.

सरकारी कामात नवं काही करायचं म्हटलं की आपल्याकडे ॲप निघतं. उद्घाटनाला नारळ फुटतो आणि पुढे पासवर्ड कोणाला आठवत नाही. मुंबईतल्या वरळीत मात्र वेगळं घडलंय. मार्च 2020 च्या अखेरीस कोरोनामुळे वरळी कोळीवाडा सील झाला. गल्ल्या अशा, की समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. संडास सार्वजनिक. तिथे ‘घरातच वेगळे राहा’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? मग वरळीतल्याच एनएससीआय क्रीडासंकुलाच्या डोममध्ये रुग्णांसाठी खाटा लागल्या.

मोठा बदल त्यानंतरचा. तोवर खाटेसाठी अख्खी मुंबई 1916 हा एकच नंबर फिरवत होती. जून 2020 मध्ये पालिकेने हे काम 24 वॉर्डांच्या वॉर रूमकडे सोपवलं. बाधितांची यादी वॉर्डात येई आणि फोन वॉर्डातून रुग्णाला जाई. नातेवाइकांनी दारोदार फिरायचं नाही, वॉर्डाने त्यांना गाठायचं. वरळीच्या बीडीडी चाळीत ॲम्ब्युलन्स कुठवर जाते, जिजामाता नगरात कोणत्या बाजूने शिरायचं, हे वॉर्डातल्या माणसाला सांगावं लागत नाही. यात नवं यंत्र कुठलं? फोन, यादी आणि निर्णयाची मुभा, एवढंच.

सगळं बरोबर होतं असं मात्र नाही. चाचणीचा रिपोर्ट आधी पालिकेकडे, रुग्णाला थेट नाही, असा नियम निघाला होता. रुग्णाला त्याचा रिपोर्ट द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ज्याचा कागद त्यालाच न दाखवण्याची खोड सरकारी कचेरीत फार जुनी आहे. त्याच न्यायालयाने मे 2021 मध्ये मुंबईच्या ऑक्सिजन व्यवस्थापनाचं कौतुक केलं, हेही सांगायला हवं.

अशा सुधारणेला महामारीच लागते असं नाही. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी संगणक नसताना कचेरीतली टेबलं, दप्तरं आणि कामाची वाटणी नव्याने लावली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर गाजलं.

आणि ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ या म्हणीवर उतारा म्हणून आपल्याकडे 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवेला मुदत, मुदत चुकली तर अपील आणि विनाकारण रखडवणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. कोणत्या सेवेला किती दिवस आणि अपील कोणाकडे, हे प्रत्येक कचेरीने फलकावर लावायचं असतं.

नोकरीत गेलात तर पहिल्याच दिवशी आपल्या कचेरीतला तो फलक शोधा. नसेल, तर साहेबांची वाट न बघता लावून घ्या. आणि नोकरीत नाही गेलात, तर पुढच्या दाखल्याच्या वेळी खिडकीवर ओळख काढू नका, मुदत विचारा.