साचा आणि हात



बर्फ न पडणाऱ्या वसईत आम्ही बर्फावरच्या पट्ट्यांविषयी, म्हणजे स्कीविषयी बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण आमचा विषय बर्फ नाही, साचा आहे. आणि वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून कित्येकांची भाकरी साच्यावरच आहे.

आमच्या संघटनेतला एक डायफिटर हिमालयात जाऊन आला. तिथे पाहिलेली स्की विकत घेणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, "साहेब, आपण साचा करू. पण एकाच मापाचा नको."

स्की म्हणजे नुसती फळी नव्हे. जमिनीवर ठेवली की तिचा मध्य किंचित उचललेला असतो. माणूस उभा राहिला की ती कमान दबते आणि भार पायाखाली न साचता लांबीभर वाटला जातो. पूर्वी अखंड लाकडाला बाक देत. आजची रीत थरांची आहे: मध्ये लाकडाचा वा बांबूचा गाभा, वरखाली काचतंतूंचे कापड, त्यात इपॉक्सी, आणि सर्वांवर दाब. इपॉक्सी घट्ट झाले की साच्याचा बाक फळीचा होतो.

आमच्या गड्याने मधल्या तळाखाली स्क्रू बसवले. ते फिरवले की कमान कमीजास्त होते. टोकाचा वळणदार ठोकळा सुटा ठेवला. तो सरकवला की लांबी बदलते. वरून दाबायला आगीच्या बंबाचा कापडी नळ. त्यात हवा भरली की घाट कसाही असो, दाब सगळीकडे सारखा. म्हणून एका साच्यात अनेक मापे निघतात.

आम्ही म्हणालो, "हवाच ती, तिचे काय वजन?" त्याने खडू घेतला. चौरस सेंटिमीटरला 3 किलो दाब, 180 सेंटिमीटर लांबी, 10 रुंदी. उत्तर आले 5,400 किलो! दर 20 सेंटिमीटरला एक आडवी चौकट धरली तरी प्रत्येकीवर 600 किलो, प्रत्येक बोल्टवर 300. म्हणून पहिल्या चाचणीला त्याने नळात हवा नव्हे, पाणी भरले. चौकट तुटली तर दाबलेली हवा सुरुंगासारखी उसळते; पाण्याचा जोर तत्काळ ओसरतो. त्या दिवशी एक आडवा तुळवट खरोखरच तडकला. आमचे पाय भिजले, एवढेच.

हे शहाणपण त्याला कुठून आले? त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटे आहेत. विशीत असताना एका गाळ्यात पॉवर प्रेसची जाळी काढून ठेवली होती. जाळीमुळे माल कमी निघतो म्हणून. 1948 च्या कारखाना कायद्याने यंत्राला कुंपण सक्तीचे केले होते. कायदा कागदावर राहिला आणि बोटे प्रेसखाली गेली. प्रेसचा दाब किती, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्यानेही विचारले नव्हते, आणि आम्ही, त्याचे पुढारी म्हणवणारे, आम्हीही विचारले नव्हते. आम्ही बोनसचे आकडे तोंडपाठ ठेवले, दाबाचे ठेवले नाहीत. ही आमची चूक आम्ही या व्यासपीठावर कबूल करतो.

अमेरिकेत विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या हॉवर्ड हेडने 1947 च्या सुमारास धातूच्या स्की केल्या. पहिल्या मोडल्या, त्याने पुन्हा केल्या. वस्तू मोडली तर पुन्हा करता येते. हाताला दुसरा साचा नाही.

तेव्हा उद्या कामावर जाल तेव्हा आपल्या यंत्राचा दाब किती, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.